खालच्याचा ठोका

१

निवृत्त माणूस दिवसभर घरात दिसू लागला की स्वयंपाकघरातली भांडी जरा जास्तच वाजतात, हे रंगरावांच्या लक्षात यायला एक अख्खा उन्हाळा लागला. एसटीच्या वर्कशॉपात ते हेड मेकॅनिक होते. तिथे त्यांच्या शब्दावर डेपोतल्या गाड्या हलत. नांदुऱ्याच्या घरात त्यांच्या शब्दावर मिक्सरसुद्धा हलेना. त्यामुळे वडनेर भोलजीच्या उत्तमरावांचा निरोप आला, की आमच्या कापसाच्या बंद जिनिंगात एक जुनी मोटार पडून आहे, जरा बघता का, तेव्हा नवऱ्याच्या आधी सत्यभामाबाईच हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या इतक्या उत्साहानं डबा बांधू लागल्या की रंगरावांना थोडं वाईटच वाटलं.

मोटार पाहिल्यावर ते विसरले.

ती अमेरिकन होती. दोन दारांची, आठ सिलिंडरची, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली. बॉनेट एवढं लांब की तिचं नाक फाटकाबाहेर पोचलं तरी चालवणारा जिनिंगातच राहावा. एका परदेशी इंजिनिअरनं मायदेशी जाताना ती उत्तमरावांच्या वडिलांना विकली होती. पुण्याचा एक व्यापारी फोनवर तिला 'मसल कार' म्हणायचा. वडनेरात तिला पहिल्यापासून 'रानडुक्कर' म्हणत, आणि रंगरावांच्या मते तेच जास्त अचूक होतं. शाळेत असताना त्यांनी ती एकदाच धावताना पाहिली होती. रस्त्याच्या कडेला सायकल धरून उभे असताना तिचा आवाज आधी छातीत वाजला आणि मग कानात. पुढे आयुष्यभर एसटीची इंजिनं ऐकली, पण ती ऐकताना मनातल्या मनात ते जरा दिलगीरच असत.

"पुन्यावाल्याचा ट्रक सोमवारी येते," उत्तमराव म्हणाले. पांढरं धोतर, पांढऱ्या चपला आणि कानाला कायम चिकटलेला मोबाईल, असा तो माणूस. "त्याच्या हॉटेलात ठेवते म्हने तो हिले. इंजिन काढून टाकाचं, मंधात काचेचा टेबल. लोकं आत बसून कॉफी पेतीन."

"हिच्यात बसून कॉफी?" रंगरावांचा आवाज चिरकला.

"मंग काय करू? गंजून राह्यली इथं. पाहा रंगराव, सोमवारच्या आधी थे सोताच्या चाकानं फाटकाबाहेर गेली, तं मी नाही इकत. बापाची निशानी हाय. नाही गेली, तं पेऊ द्या कॉफी."

रंगराव कामाला लागले. इंजिन साफ झालं, वायरिंग बदललं, टाकी धुतली, अकोल्याहून क्लच प्लेट नव्यानं अस्तर लावून आली. गुरुवारपर्यंत रानडुक्कर पुन्हा गुरगुरलं आणि शेडच्या छपराखालच्या कैच्यांवर लोंबणारा जुना कापूस खाली झडला. राहिलं एकच. क्लचचं पेडल वर येत नव्हतं. जमिनीला टेकून बसलेलं ते तसंच बसून राही. हातानं ओढलं तर येई आणि सोडलं की सावकाश पुन्हा खाली जाई.

पहिल्या दिवशीच त्यांना एक गोष्ट दिसली होती, पण ती त्यांनी मनावर घेतली नव्हती. गाडीत सगळीकडे बोटभर धूळ होती. ब्रेकच्या पेडलवर होती, ॲक्सिलरेटरवर होती. क्लचच्या पेडलवर नव्हती. त्याचं रबर अंगठ्याखाली झिजून तकतकीत झालं होतं, देवळाच्या उंबऱ्यासारखं.

२

मूळ गाडीत क्लच दांड्यांनी ओढला जायचा. त्या दांड्या कधीतरी मोडल्या असाव्यात, कारण कुणा जुन्या मिस्त्रीनं तिथे ट्रकचा मास्टर सिलिंडर बसवून तेलाचा क्लच केला होता. काम सुबक होतं, पण अर्ध्यात सुटलेलं. एका ठिकाणी नळीच जोडलेली नव्हती. रंगरावांनी नळी जोडली, आतले वॉशर बदलले, नवं तेल भरलं. आता नळीतली हवा काढायची.

हवा काढणं हे दोघांचं काम. एक वर सीटवर बसून पेडल दाबून धरतो. दुसरा गाडीखाली आडवा होऊन नळीच्या टोकाचा निपल सैल करतो, फसफसत तेल आणि बुडबुडे बाहेर येतात, मग तो निपल आवळतो आणि वरच्याला सोडायला सांगतो. नियम एकच: खालच्यानं सांगितल्याशिवाय वरच्यानं पाय उचलायचा नाही. उचलला की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत तेलात.

वर बसायला होते उत्तमराव. पहिले दोनदा तर ते सवयीनं उजव्या बाजूला जाऊन बसले आणि इथं पेडलच नाहीत म्हणून ओरडले. नंतर डावीकडे आले, पण फोन आला की त्यांचा पाय आपोआप उठे, जणू फोन पायानं घ्यायचा असतो.

"भाऊ, धरा म्हटलं ना!"

"अरे, जावयाचा फोन होता!"

"मी खालून ओरडून ओरडून मेलो. ऐकू येत नाही का?"

"फोनवर आसताना कसं आयकू येईन बे? ठोका देत जा. जिनिंगात तसंच होतं. मशीनीच्या आवाजात कोन कोनाचं आयकते? खालच्यानं पान्यानं एक ठोका देला का दाबून धराचं. दोन देले का सोडाचं. आमचा मिस्त्री असंच करे."

ही युक्ती बरी होती. रंगराव पुन्हा खाली गेले. चेसिसवर पान्यानं एक ठोका दिला. पेडल खाली गेलं. निपल सैल, बुडबुडे, आवळला. दोन ठोके. पेडल वर. एक ठोका. दोन ठोके.

आणि मग उत्तमरावांचा पाय एकाएकी सुधारला.

रंगरावांना ते हाताला कळलं. आधीचा दाब धक्क्यानं यायचा, बैलानं लाथ मारावी तसा. आता तो संथ, सारखा, शेवटच्या सुतापर्यंत येऊ लागला आणि तिथं असा ठरे की तेलाची धार काचेच्या कांडीसारखी न थरथरता पडे. सोडतानाही तसाच, घाई नाही, झटका नाही. रंगरावांनी आयुष्यात शेकडो ड्रायव्हरांचे पाय ओळखले होते. दांडगे पाय, आळशी पाय, उगाच थरथरणारे नवखे पाय. असा पाय त्यांना मिळाला नव्हता. शेवटचा बुडबुडा निघाला तेव्हा त्यांना खरोखर टाळी वाजवावीशी वाटली.

"वा भाऊ!" ते खालून म्हणाले. "एवढा पाय होता तर इतका वेळ कुठे लपवला होता?"

 रंगराव सरपटत बाहेर आले. सीट रिकामी होती. उत्तमराव पार फाटकापाशी, लिंबाच्या सावलीत, फोनवर कुणाला तरी तुरीच्या शेंगा कशा भरल्यात ते सांगत होते. पायाशी दोन बिड्यांची थोटकं पडली होती.

रंगरावांनी दीर्घ श्वास घेतला आणि स्वतःला समजावलं. डेपोत अंधश्रद्धेविरुद्ध भाषण ठोकणारे तेच होते; त्याबद्दल शाल-नारळही मिळाला होता. सिलिंडर जुना. नवा वॉशर तेलानं फुगतो, दट्ट्या अडकत सुटत राहतो, त्यानं पेडल हलतं. ठोक्याच्या धक्क्यानं सुटत असेल. हे सगळं शक्य होतं. दट्ट्या ठोके मोजतो का, एवढाच एक प्रश्न उरत होता. तो त्यांनी डब्यासोबत झाकून ठेवला.

३

दुसऱ्या दिवशी उत्तमराव मलकापूरला गेले होते. रंगराव एकटेच शेडमध्ये आले, बराच वेळ गाडीभोवती फिरले, काच पुसली, पुसलेली काच पुन्हा पुसली. मग कुणी पाहत नाही ना हे बघून, एखादा पोर चोरून चिंचा पाडतो तसे, गाडीखाली शिरले आणि एक ठोका दिला.

पेडल दाबलं की खाली सरकणारा क्लचचा काटा त्यांच्या डोळ्यांसमोर हलला. संथ, सारखा, शेवटच्या सुतापर्यंत.

भीती वाटायला हवी होती, हे त्यांना नंतर सुचलं. तेव्हा ते फक्त बघत राहिले. काय धरला होता तो काटा! पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन त्यावर पडलं होतं आणि त्याची सावलीही हलत नव्हती. बाहेर होले घुमत होते. मध्येच हायवेवरून ट्रक गेला, जमीन कापली. काटा कापला नाही. दोन ठोके दिल्यावर तो तितक्याच हलकेपणानं मागे आला. तेव्हा कुठे रंगरावांच्या मानेवर घाम आला.

जेवायला ते शेडलगतच्या खोलीपाशी गेले. तिथे गोजरबाई राहायची. जिनिंग बंद पडलं, मशीन भंगारात गेली, पण ही म्हातारी खोली सोडून गेली नव्हती. दारात बसून ती सुपात तुरीची डाळ पाखडत होती.

"ठोक्याचा आवाज येऊन राह्यला होता," ती सूप न थांबवता म्हणाली. "बहू दिसानं आयकला."

"क्लचचं काम चालू आहे, मावशी. हवा काढतोय."

"तवाबी हवाच काढत होते." सूप थांबलं. "आमचे हे डायव्हर होते ना त्या गाडीवर. मिस्त्रीनं खालून एक ठोका देला. ह्याईनं दाबून धरलं. मंग मिस्त्रीले दिसलं का नळी फुटकी हाय. तो तसाच उठून खामगावले गेला नळी आनाले. आत्ता येतो म्हने."

"आणि?"

"आन् काय? दोन ठोके द्याचं इसरला."

रंगरावांच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"मी पानी घेऊन गेली. म्हनलं, उठा ना, जेवून घ्या. तं म्हनते, मिस्त्रीनं सोड नाही म्हनलं. मी बेलन्यानं गाडीवर दोन ठोके हानले. हासले. म्हने, तूयं नाही चालत, खालच्यानंच द्या लागते." तिच्या आवाजात रड नव्हती. असलाच तर थोडा तोरा होता. "पाय लटलट कापे. पन उचलला नाही. मिस्त्री तं आलाच नाही. कुठी गेला, देवाले ठाऊक. दुपारून मी पुन्हा गेली तं हे तसेच बसेल. डोये उघडे. लोकं म्हने, छातीत कळ आली आसन. चौघं लागले बापा, पाय काढाले."

डाळीतला खडा तिनं वेचून फेकला.

"तू दोन ठोके देतं ना रे?"

"देतो, मावशी."

"देत जाय."

४

रविवारी शेवटची तपासणी होती. क्लच पूर्ण सुटतो की नाही हे बघायचं तर मागची चाकं जॅकवर उचलायची, इंजिन चालू करायचं, पेडल दाबून पहिला गिअर टाकायचा. पेडल दाबलेलं असताना चाकं थांबली पाहिजेत. फिरली, तर खालून काट्याला ढकलणारी दांडी थोडी लांबवायची. रंगरावांनी विटेवर जॅक लावला, लाकडाचे ठोकळे दिले. गाडीचं तोंड उघड्या दाराकडे होतं आणि ते स्वतः मागच्या चाकापुढे आडवे झाले. ते काम तिथूनच होतं.

गोजरबाईची गोष्ट त्यांनी रात्रभर घोळवून तिचा निकाल लावला होता. माणूस हृदयविकारानं गेला, पेडल वॉशरमुळे अडकतं. दोन्ही गोष्टी खऱ्या, त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. तरी त्यांनी उत्तमरावांना बजावलं, "भाऊ, आज फोन बंद. पाय हलला तर मी गेलो."

"आरे हाव ना. मी काय लहान पोरगा हाय?"

एक ठोका. पेडल खाली. इंजिन गुरगुरत होतं, शेड निळ्या धुरानं भरत होती. गिअर पडला. चाक मंद फिरत राहिलं. रंगरावांनी दांडीचा नट अर्धा फेरा फिरवला. चाक थांबलं. सुंदर थांबलं. काम झालं होतं. रानडुक्कर कॉफीपासून वाचलं होतं.

तेवढ्यात जॅकखालची वीट फुटली.

मोठा आवाज झाला नाही. गाडी एकीकडे कलली, ठोकळे निसटले आणि दोन्ही मागची चाकं थेट फरशीवर टेकली. गाडी चालू, गिअरमध्ये, आणि चाक रंगरावांच्या बरगडीपासून वीतभर. वरचा पाय केसभर उचलला गेला असता तरी तिनं उडी घेतली असती.

पाय उचलला गेला नाही.

रंगरावांनी ओरडायला तोंड उघडलं आणि तेव्हा त्यांना दिसल्या पांढऱ्या चपला. गाडीच्या बाहेर. शेडच्या दाराकडे चालत जाणाऱ्या. वर धोतराचा काठ, आणि इंजिनाच्या गोंगाटातून दूर जाणारा आवाज: "हाव, हाव, थांबा, इथं आयकू नाही येऊन राह्यलं…"

रंगराव ओरडले नाहीत. ते पाठीवर, इंच इंच, सरकू लागले. शर्ट खिळ्याला अडकला, फाटला. काटा त्यांच्या डोक्यावरून गेला आणि त्यांनी तो पाहिला. तो आता स्थिर नव्हता. कापत होता. अगदी बारीक, लटलट. थकलेल्या मांडीचा काप. मात्र मागे आला नव्हता, सूतभरही नाही.

ते बाहेर निघाले, उठले आणि दारातून आत वाकले. किल्लीपर्यंत हात न्यायला त्यांना सीटवरूनच न्यावा लागला. पेडल पार खाली होतं. रेक्झिनची सीट मध्ये दबलेली होती, नीट, माणूसभर. झिजलेल्या रबरावर अंगठ्याचा ओला ठसा होता. त्यांच्या डोळ्यांदेखत त्याच्या कडेला आणखी ओल फुटली. हात गेला त्या वाटेत थोडं ऊबदार होतं. एवढंच. त्यांनी किल्ली फिरवली.

शेड एकदम शांत झाली. पेडल अजून खालीच होतं. कापत होतं.

आता कुणीही शहाणा माणूस पळाला असता, आणि रंगराव शहाणे होते, तसा डेपोचा दाखला होता. पण ज्याच्या पायावर आपला जीव टांगला होता त्याला तसाच बसवून पळायचं? खालच्यानंच द्यावं लागतं, बाई म्हणाली होती. ते गुडघ्यांवर बसले, पोटावर आले आणि आत्ता जिथून जीव घेऊन निघाले त्याच गाडीखाली पुन्हा शिरले. पाना उचलला.

"झालं काम," ते म्हणाले. "लई उपकार झाले, दादा."

दोन ठोके.

पेडल वर आलं. सावकाश, सन्मानानं. मग वरची सीट हळूहळू फुगल्याचा आवाज आला, आणि दाराच्या बिजागरीचा. बाहेर गोजरबाईच्या सुपाचा आवाज थांबला होता.

"काऊन रे, काय झालं?" उत्तमराव धावत आले. "मी पाय काढला तरी पेडल वर येईना, म्हनलं अटकलं, तुयं झालं आसन!"

रंगराव बाहेर आले आणि पाने पुसून पेटीत ठेवू लागले. सांगण्यासारखं एकच होतं, की असा पाय पुन्हा होणे नाही. आणि त्याची किंमत उत्तमरावांना कळली नसती.

५

सोमवारी सकाळी पेडल स्वच्छ वर उभं होतं. दाबलं की जाई, सोडलं की येई. रंगराव वाकून तीनतीनदा पाहून आले: गाडीखाली कुणी नाही, काही नाही. पाने सगळे पेटीत, पेटी शेजारच्या सीटवर. ते डावीकडे बसले. लांब बॉनेट, पलीकडे शेडचं दार, त्यापलीकडे लिंब आणि फाटक. फाटकाची दोन्ही कवाडं उघडून उत्तमराव गावच्या जत्रेत उभं राहावं तसे उभे. अजून ट्रक आला नव्हता.

इंजिन सुरू झालं आणि आवाज छातीत वाजला. रंगराव क्षणभर शाळकरी झाले. क्लच दाबला, काय मऊ गेला! पहिला गिअर टाकला. आता पाय अलगद सोडायचा, एवढंच.

खालून ठोका आला.

एकच. चेसिसवर, पान्याचा, सवयीच्या हाताचा. पायाच्या तळव्याला तो जाणवला.

रंगरावांनी धरलं. विचार नंतर आला. विचार म्हणाला, धातू तापतो, प्रसरण पावतो, टक्क वाजतो. म्हणाला, खाली कुणी नाही, तूच पाहिलंस. त्यांनी इंजिन बंद केलं. गिअर काढला. हँडब्रेक ओढला. आता पाय उचलायला काहीच हरकत नव्हती.

"या ना बे!" फाटकातून उत्तमराव ओरडले. मग धोतर सावरत आले. "काऊन थांबले?"

"भाऊ, जरा खाली पाहा. कोणी आहे का."

उत्तमराव कण्हत वाकले. "कोनी नाही. एक जुनी नळी पडेल हाय. आन् तुमचा पाना."

रंगरावांनी शेजारच्या पेटीकडे पाहिलं. प्रत्येक पाना आपापल्या जागी होता.

"ठोकू का मी दोन?" उत्तमराव हसत म्हणाले आणि बॉनेटवर हातानं टकटक केलं. "घ्या, सोडा आता!"

रंगरावांनी पाय उचलला नाही. कालची वीतभर जागा त्यांना आठवत होती. त्यांच्यासाठी कुणीतरी पाय उचलला नव्हता. खालच्यानं एक ठोका दिला होता. खालचा माणूस कोण, कुठून आला, इतकी वर्षं कुठे होता, हे विचारायचं वरच्याचं काम नव्हतं. वरच्याचं काम एकच.

फाटकाबाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. उत्तमराव तिकडे पळाले.

मांडीत बारीक काप सुरू झाला होता. दारात सावली पडली. गोजरबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तांब्या खिडकीतून आत दिला, पेडलकडे पाहिलं, मग रंगरावांच्या पायाकडे, आणि बराच वेळ पाहत राहिली, कौतुकानं.

"दोन आले का रे?"

रंगरावांनी नकारार्थी मान हलवली.

"मंग धर बापा," ती म्हणाली, आणि सूप आणायला गेली.